भाजीचा वाटा: पुरंदरच्या शेतातून पुण्यात, खरीप २०२५ च्या नोंदी

१८ मे २०२५, रविवार

वाटेकरी, म्हणजे वर्गणी आगाऊ भरून दर आठवड्याला शेतातल्या भाजीचा वाटा घेणारी ४० घरं, सगळी पुण्यात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शेत पुरंदर तालुक्यात, सासवडजवळ. ६० गुंठे भाजीसाठी राखून ठेवलेत. विहीर आणि ठिबक आहे. हंगाम २४ आठवड्यांचा, पहिली गाडी १५ जूनला. घरटी आठवड्याला सरासरी ५ किलो भाजी: फळभाज्या-शेंगभाज्यांचे चार-पाच प्रकार, पालेभाजीच्या दोन जुड्या, शिवाय मिरची, आलं, लिंबू यांतलं जे असेल ते.

दर बाजाराकडे बघून काढलेला नाही, खर्चाची बेरीज करून काढला. मजुरी १,७५,०००, बियाणं आणि रोपं २८,०००, शेणखत, पेंड, जीवामृताचं साहित्य ४०,०००, ठिबकची दुरुस्ती, मल्चिंग, वेलांचे मांडव ३५,०००, क्रेट, काटा, सुतळी १५,०००, गाडीभाडं आठवड्याला १,८०० प्रमाणे ४३,२००. एकूण ३,३६,२००. घरटी वर्गणी आठवड्याला ४५० म्हणजे हंगामाला १०,८००, चाळीस घरांचे ४,३२,०००. शेतकरी कुटुंबाच्या हाती उरतात ९५,८००, म्हणजे सहा महिन्यांत महिन्याला जेमतेम सोळा हजार. यात जमिनीचा खंड धरलेला नाही, विहिरीच्या मोटारीची झीजही नाही. रक्कम कमीच आहे.

किलोमागे सरासरी ९० रुपये पडतात. दुधी-कोबीच्या आठवड्यात हे महाग वाटणार, पावसाने बाजार कडाडला की स्वस्त. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या पुढे गेला आणि दोन महिन्यांत पार मातीमोल झाला. तसल्या दरावर कुणाचंच घर चालत नाही. म्हणून हंगामभर एकच दर.

अटी तीनच लिहिल्यात. शेतात जे पिकेल त्याचा चाळिसावा हिस्सा मिळेल, पीक गेलं तर पैसे परत नाहीत. निम्मे पैसे आत्ता, निम्मे १ सप्टेंबरला, कारण खर्चाचा मोठा भाग पहिल्या दीड महिन्यातच होतो. आणि भाजी कमी पडली तरी मंडईतून आणून क्रेट भरायचे नाहीत. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. एकदा बाहेरचा माल मिसळला की कोणती जुडी कुठली हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मग वर्गणी आधी भरण्याला अर्थ उरत नाही. जपानात १९७० च्या दशकात 'तेईकेई' नावाने ही पद्धत रुजली, अमेरिकेत १९८६ पासून. तिथेही पाया हाच, पैसे आधी आणि जोखीम वाटून.

थेट विक्रीला कायद्याची अडचण नाही. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून काढला.

२७ मे, मंगळवार

मान्सून काल मुंबई-पुण्यात पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. वळवाने जमीन आधीच तुडुंब भिजलेली, त्यात हा. वाफसाच नाही.

वाफसा बघायचा तो असा: वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा, कंबरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून पसरला तर कुळव घालायला हरकत नाही. चपटा होऊन पडला तर थांबायचं. ओल्या काळ्या रानात अवजार घातलं तर ढेकळं उठतात, ती वाळून दगड होतात आणि मेथीसारखं बारीक बी त्यांच्या फटीत जाऊन गुदमरतं.

एप्रिलमध्ये कोरड्यात ओढून ठेवलेले गादीवाफे मात्र शाबूत आहेत: माथा ९० सेंटिमीटर, उंची २० ते २५, मधली सरी ४५. पहिली पालेभाजी त्यांच्यावरच. बाकीच्या रानात आधी उताराच्या बाजूने चर काढायचे, पेरणीचं नंतर बघू.

८ जून, रविवार (मृग)

पेरणीचं कोष्टक आज पक्कं केलं. वाट्याच्या भाजीचं गणित मंडईच्या भाजीपेक्षा उलट चालतं. मंडईसाठी एका दमात गुंठाभर मेथी पेरली तर तीनशे-साडेतीनशे जुड्या एकदम निघतात, गाडी भरते, हिशोब मिटतो. वाटेकऱ्यांना आठवड्याला मेथीच्या चाळीसच जुड्या हव्यात, पण दर आठवड्याला हव्यात. म्हणून पाव गुंठ्याचे वाफे आणि दर सोमवारी एक पेरणी. पाऊस एखादा वाफा खाणारच, हे धरून पाव गुंठा. उघडीप असेल तर त्याच्या निम्म्यात भागतं.

मेथी २५ ते ३० दिवसांत उपटायला येते, पालक ३०-३५ दिवसांत कापायला, कोथिंबीर ४० ते ४५, मुळा ४५. धने रगडून दोन फाकी करायच्या आणि रात्रभर भिजवायचे. अख्खे टाकले तर उगवण मागेपुढे होते आणि जुडी एकसारखी बसत नाही. पावसाळी कोथिंबिरीवर शेडनेट लागतंच. सरीच्या थेंबांनी ती लोळते, पानांवर माती बसते आणि मुळं कुजतात.

फळभाज्या: भेंडी टोकणीपासून ४५ ते ५० दिवसांत सुरू, काकडी ४० ते ४५, गवार ५० ते ६०, दोडका-दुधी-कारली ५५ ते ६०. रोपांच्या भाज्यांचे दिवस लागणीपासून मोजायचे: टोमॅटो ६५ ते ७५, वांगी ६० ते ६५, फ्लॉवर-कोबी ७० ते ९० जातीप्रमाणे.

वांग्याची लागण मुद्दाम ऑगस्टअखेर ठेवली आहे. चाळीसपैकी बरीच घरं चातुर्मासात वांगं खात नाहीत, काही तर हा नेम थेट चंपाषष्ठीला सोडतात. जूनमध्ये लावलेली वांगी ऐन भरात येतात तेव्हा ती घ्यायला कुणी नसतं. ऑगस्टअखेरची लागण नोव्हेंबरमध्ये भरते आणि २६ नोव्हेंबरची चंपाषष्ठी बरोबर गाठते.

१५ जून, रविवार

पहिला वाटा. एप्रिलच्या टोकणीची भेंडी, गवार, दुधी, काकडी, चाळीतला कांदा, हिरवी मिरची. पालेभाजी एकच, माठ. घरटी ३ किलो ८०० ग्रॅम. हलका आहे, पण मेच्या पावसानंतर यापेक्षा जास्त निघणारच नव्हतं.

वाटपाची पद्धत: क्रेट ओळीने मांडायचे, प्रत्येकावर पाटी. 'दुधी १ नग', 'भेंडी ४०० ग्रॅम', 'काकडी ६०० ग्रॅम'. वाटेकऱ्याने स्वतः तोलून पिशवीत घ्यायचं. घरोघरी पिशव्या भरून द्याव्यात अशी सूचना आली होती. त्यात शेतावर चार माणसांचे तीन तास जातात आणि प्लास्टिक वाढतं. पाटीवरचा आकडा एकूण मालातून ३ टक्के तूट वजा करून काढायचा. तोलताना प्रत्येक जण काटा थोडा पुढे जाऊ देतो, आणि शेवटच्या चार घरांना मग रिकामा क्रेट दिसतो. काट्यावर वैधमापनचा चालू वर्षाचा शिक्का आहे ना, हे आजच बघून घेतलं.

टेबलाच्या टोकाला एक अदलाबदलीचा क्रेट. गवार नको तर त्यात टाका, दुसऱ्याने टाकलेलं उचला. कारली आली की हा क्रेट वाहणार.

२२ जून, रविवार

माउलींची पालखी आज पुण्याहून सासवडला. दिवे घाट वाहनांना बंद. छोटा हत्ती टेम्पो बोपदेव घाटातून कोंढव्याकडे उतरवला. तिकडेही वळवलेल्या वाहतुकीची गर्दी, म्हणून गाडी पहाटे साडेचारला हलवली. त्यासाठी तोडणी शनिवारी सायंकाळी उरकावी लागली.

संध्याकाळची तोडणी वाईट नाही, फक्त माल रात्रभर नीट ठेवायला हवा. ओली पालेभाजी गोणपाटात दाबून ठेवली की जुडीच्या मधोमध वाफ धरते. बाहेरून हिरवीगार, सुतळी सोडली की आतली पानं काळी आणि चिकट. यावर उपाय: शेडमध्ये जाळीवर तासभर पसरायची, पाणी निथळू द्यायचं, मग २०० ते २५० ग्रॅमची सैल जुडी, मुळं खाली करून क्रेटमध्ये उभी. मुळांची माती झटकायची, धुवायची नाही. गाडीत दुधी-भोपळ्याचे क्रेट तळाला, भेंडी-गवार मधे, पालेभाजी सर्वांत वर. टोमॅटो सुरू झाले की त्यांचा क्रेट पालेभाजीपासून लांब. पिकत्या टोमॅटोतून जो वायू सुटतो त्याने पानं पिवळी पडतात. घरच्या फ्रीजमध्येही हेच.

४ जुलै, शुक्रवार

परवाच्या वाट्याला आषाढी एकादशी. त्या दिवशी मेथी दिली तर ती सोमवारपर्यंत पडून राहणार. पालेभाजी एकच द्यायची, बाकी काकडी, लाल भोपळा, मिरची. रताळी शेतात अजून तयार नाहीत, तेव्हा ती नाहीत. विचारणा आली आहे, पण तिसरी अट एकादशीलाही लागू.

फ्रीजचं पत्रक वाटेकऱ्यांना पाठवलं. भेंडी, वांगी, काकडी फार थंडीत ठेवू नयेत. ७ अंशांच्या खाली काकडीवर खड्डे पडून पाणी सुटतं, भेंडी काळी पडते. कोरड्या कापडात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात. कांदा आणि बटाटा वेगवेगळे, फ्रीजबाहेर.

२० जुलै, रविवार

भेंडीचा तिढा. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. चार दिवस झाडावर राहिली की निबर होते, आणि निबर शेंग झाडावर ठेवली तर झाडाचा जोर बियांकडे जाऊन नवी फुलं कमी येतात. वाटा मात्र आठवड्यातून एकदा. म्हणजे शुक्रवार-शनिवारची तोडणी वाटेकऱ्यांना, सोमवार-बुधवारची सासवडच्या बाजारात पडेल त्या भावाला. गवार, काकडी, दोडका यांचंही हेच. आठवड्याच्या निम्म्या मालाचे पैसे वाटेकऱ्यांनी आधी भरलेत आणि तो माल त्यांच्या घरी पोहोचतच नाही.

दोन वार केले. वीस घरं बुधवारी, वीस रविवारी. प्रत्येक घराला भाजी आठवड्यातून एकदाच, पण शेताची तोडणी आता दोन ठिकाणी विभागते. बुधवारचा माल शंभर किलोच्या आत, त्याला आख्खी गाडी परवडत नाही. सासवडहून पुण्याला फुलं नेणाऱ्या टेम्पोत दहा क्रेट टाकायचे, क्रेटमागे ३० रुपये. फुलांची गाडी पहाटे निघते, त्यामुळे भाजी सहाला खाली उतरते आणि उचलायची वेळ साडेसात. मधल्या दीड तासात क्रेटवर ओलं गोणपाट.

३ ऑगस्ट, रविवार

दहा दिवस ऊन नाही. टोमॅटोच्या खालच्या पानांवर करप्याचे गोल डाग, काकडीवर केवडा रोग. काकडीचा वेल काढून टाकायचा. तो सावरत नाही. टोमॅटोची जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं खुडली, तारा एक फेर वर घेतल्या, मग १ टक्का बोर्डो.

बोर्डो प्लास्टिकच्या पिंपातच करायचं. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये विरवून गाळून. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळायचं. लोखंडी चाकूचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवून बघायचं. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडी निवळी आणखी घाला, नाहीतर पानं जळतात. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. सेंद्रिय नियमांत तांबं चालतं, पण मर्यादेत. हंगामात हात आखडताच.

कारल्या-दोडक्यावर फळमाशी. फळ एका बाजूला वाकडं होतं, डंखाच्या जागी चीक येतो, आत अळ्या. क्यू-ल्यूरचे सापळे एकरी आठ ते दहा लावलेत, पण सापळ्यांपेक्षा किडकी फळं रोज वेचून दोन फूट खोल पुरणं जास्त कामाचं. बांधावर फेकली तर त्यातूनच पुढची पिढी उठते.

'हे ऑरगॅनिक आहे ना?' हा प्रश्न दर वाट्याला येतो. उत्तर एकच ठेवलं आहे: रासायनिक खत-औषध नाही, फवारणीची वही शेडमध्ये टांगली आहे, कधीही या आणि बघा. प्रमाणपत्र अजून नाही, म्हणून पाटीवर 'जैविक भारत'चं चिन्ह लावायचं नाही. पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट लागतो, एकमेकांच्या शेताची पाहणी तेच करतात; सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात 'ग्रीन', पूर्ण झाल्यावर 'ऑरगॅनिक' दर्जा. शेजारची दोन शेतं तयार आहेत, अजून दोन हवीत.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी २७ ला गणेश चतुर्थी, गुरुवारी ऋषिपंचमी. बुधवारचा वाटा मंगळवारी संध्याकाळी द्यायचा. तो वेगळाच भरायचा, ऋषीच्या भाजीचा: अळू ५ पानं देठासकट, लाल भोपळा २५० ग्रॅम, पडवळ अर्धं, शिराळं १, अंबाडीची अर्धी जुडी, लाल माठ अर्धी, मक्याचं कणीस १, चवळीच्या शेंगा १०० ग्रॅम, भेंडी, हिरवी मिरची. सुरण शेतात नाही. आजचा वाटा घेणाऱ्यांनाही तेच दिलं, फक्त अळू-अंबाडी मंगळवारी येऊन घ्यायची.

अळू विहिरीच्या पाटाजवळच्या दलदलीत आपोआप वाढलंय, त्याला खर्च शून्य. भोपळा मात्र वाटपाच्या जागी, त्याच वेळी कापायचा; आदल्या दिवशी कापलेल्या फोडीला कडेने बुळबुळी येते. बैलाच्या श्रमाचं खायचं नाही हा या दिवसाचा नेम. रान ट्रॅक्टरने नांगरलंय, तेव्हा ते चालतं की नाही यावर वाटेकऱ्यांत दोन तट पडलेत. ते त्यांनी बघावं.

२८ सप्टेंबर, रविवार

हस्त लागला. मराठवाड्यात, सोलापुरात पुराने हाहाकार. आमच्याकडे तेवढं नाही, पण दोन रात्रींच्या पावसात सखल भागातली मेथी आणि मुळा गेले. वाटा ३ किलो २००. मंडईत पालेभाजीला हात लावता येत नाही अशा भावाच्या आठवड्यात आमच्या क्रेटमध्येही ती नाही, हे काहींना खटकलं. वर्गणीतून भाव कमी होत नाही, भाजी कमी होते. हे मे महिन्यात कागदावर वाचताना सोपं वाटतं. कोणते वाफे गेले त्यांचे फोटो वाट्याबरोबर पाठवले, तक्रारी निवळल्या.

गेलेल्या वाफ्यात लगेच परत पेरायचं नाही. चर मोकळे करून तीन-चार दिवस ऊन खाऊ द्यायचं, वरची साय खुरप्याने मोडायची, मग पालक. हस्ताच्या सरीनंतर जमिनीवर जो कडक पापुद्रा धरतो त्यातून मेथीचा कोंब वर येत नाही.

टोमॅटोच्या कडेने लावलेला झेंडू भरात आहे. तो लावला होता फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. पतंग टोमॅटोच्या आधी झेंडूवर अंडी घालतो. बुधवारी दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरटी अर्धा किलो फुलं. रविवारच्या घरांनाही तेव्हाच, उचलायला यावं लागेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत, १९ आणि २२ ला वाटा बंद. निम्मी घरं गावाला जातात आणि मजूरही. एरवी सुट्टीवर जाणाऱ्याने वाटा शेजाऱ्याला द्यायचा, पैसे त्यांचे त्यांनी बघायचे. शेताकडून परतावा नाही. त्या आठवड्यातली भेंडी-गवार सासवडला जाईल.

पावटा, घेवडा, ओला हरभरा यांची टोकणी याच पंधरवड्यात. १३ जानेवारीच्या भोगीला हे तिन्ही हवेत आणि गाजरही. गाजराला ८० ते ९० दिवस लागतात, म्हणजे त्याचं बी या आठवड्यातच पडलं पाहिजे. रब्बीचे वाटे अजून कुणी भरलेले नाहीत. पेरणी मात्र वर्गणीसाठी थांबत नाही, तेव्हा आगाऊ १,००० रुपये घरटी आजच मागितले.

२६ नोव्हेंबर, बुधवार (चंपाषष्ठी)

वांगी घरटी दीड किलो, कांद्याची पात, लसणीची पात, मिरची. भरताचं वांगं मोठं, हलकं आणि चकचकीत निवडायचं. हातात जड लागलं तर आत बिया भरल्यात. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा हळूच भरून येतो ते कोवळं. देठाखाली बारीक भोक दिसलं तर अळी आत आहे. तोडणीत अशी १२ किलो वेगळी निघाली. शेंडे सुकलेले दिसतील तसे दर चार दिवसांनी खुडून जाळत होतो म्हणून एवढ्यावर भागलं. जळगावकडच्या हिरव्या भरिताच्या वांग्याची मागणी आली आहे. बी मिळालं तर पुढच्या ऑगस्टला दोन सऱ्या लावून बघायच्या.

३० नोव्हेंबर, रविवार

शेवटचा वाटा, ५ किलो ६००. गाडीभाडं ४३,२०० ऐवजी ४८,६०० झालं. वाढलेले ५,४०० हे बुधवारच्या अठरा फेऱ्यांचे. मजुरी अंदाजापेक्षा ११,००० ने जास्त गेली, जवळजवळ सगळी जुलै-ऑगस्टच्या खुरपणीवर. मल्चिंग फक्त टोमॅटो-मिरचीला होतं. रब्बीत वांगी आणि फ्लॉवरलाही घालायचं, नाहीतर पालापाचोळ्याचं आच्छादन तरी.

रब्बीची वर्गणी घरटी आठवड्याला ५२०. एकतीस घरांनी भरली, नऊ अजून बाकी. ती ७ डिसेंबरपर्यंत आली नाहीत तर प्रतीक्षायादीतल्यांना विचारायचं. क्रेट ४६ गेले होते, ४१ परत आले. पाच कुणाच्या तरी गॅलरीत रोपं लावायला गेलेत, ते रविवारपर्यंत आणून द्यावेत.